बुधवारचा पाचवा तास

गोव्यातल्या हायस्कुलांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि शाळा चालवणाऱ्या समित्यांचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात २९ वर्षं संगीत शिक्षक होतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. शाळेचं नाव लिहीत नाही. जे सांगणार आहे ते एकट्या त्या शाळेचं नाही, आणि जो दोष आहे त्यात माझा स्वतःचा वाटा मोठा आहे.

बुधवारी मधल्या सुट्टीनंतरचा पाचवा तास आठवी ब चा, संगीताचा. घंटा व्हायची, मी पेटी उचलून निघायचो आणि वर्गाच्या दाराशी गणिताच्या बाई आधीच उभ्या असायच्या. हातात खडू, काखेत वह्यांचा गठ्ठा. "सर, आज तुमचा तास घेऊ? पोर्शन मागे पडलाय." बाई भल्या होत्या, मुलांसाठी जीव टाकायच्या. मी म्हणायचो, "घ्या." पेटी परत स्टाफरूममध्ये. जूनमध्ये हे महिन्यातून एकदा व्हायचं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या सुट्टीनंतर दर पंधरवड्याला. दिवाळी झाली की विचारणंही बंद. जानेवारीत मी कधी वर्गात गेलोच, तर एखादं पोर विचारी, "सर, चुकून आले?"

२९ वर्षांत मी एकदाही गणिताच्या तासाला दाराशी जाऊन म्हटलं नाही की, "बाई, तुमचा तास घेऊ? यमन मागे पडलाय." नुसती कल्पना केली तरी तुम्हाला हसू येईल. मलाही येतं. हे पत्र त्या हसण्याबद्दलच आहे.

आणखी एक कबुली. वर्ष संपताना प्रगतिपुस्तकात संगीताच्या रकान्यात श्रेणी लिहावी लागे. पंख्याखाली बसून, चहाचा एक कप संपेपर्यंत मी ४५ मुलांच्या श्रेणी भरलेल्या आहेत. सगळ्यांना अ. ज्याला काही शिकवलंच नाही त्याला ब तरी कशाच्या आधारावर द्यायचा? पालकांनी ती श्रेणी पाहिली, मुख्याध्यापकांनी सही केली, तपासणीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर चाळून मान हलवली. कागदोपत्री आमच्या शाळेत संगीत उत्तम चाललं होतं.

तेव्हा माझी मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मला नवी योजना नको, रंगमंच नको, निधी नको. पाचवी ते आठवीच्या वेळापत्रकात संगीत, चित्रकला आणि वाचनाचे जे तास आज छापलेले आहेत, ते कुणाला उसने द्यायचे नाहीत. एवढंच. नववी-दहावीचं मी बोलत नाही. तिथे बोर्डाची परीक्षा मानगुटीवर असते, हे मला कळतं.

कलेची बाजू मांडायला उभा राहिलेला माणूस बहुतेक एक ठरलेलं वाक्य बोलतो, की गाणं शिकलेल्या मुलाचं गणितही सुधारतं. मी स्वतः शिक्षकदिनाच्या भाषणांत हे बोललोय, टाळ्याही घेतल्यात. आता बोलणार नाही. ते खरं की खोटं या वादात मला पडायचंच नाही, कारण तो युक्तिवादच आपल्या पायावर धोंडा आहे. गणित सुधारावं म्हणून गाणं शिकवायचं असेल तर सरळ गणिताचाच जादा तास घेतलेला काय वाईट? बाई दाराशी उभ्या राहायच्या त्या याच हिशोबाने, आणि त्या हिशोबात त्या बरोबर होत्या. भूगोलामुळे इंग्रजी सुधारेल का, असं आपण कधी विचारत नाही. भूगोल शिकवायचा तो भूगोलासाठी. गाणंही तसंच.

आता केसरबाईंचं घ्या. आपल्या सामान्यज्ञानाच्या स्पर्धांत हा प्रश्न हमखास असतो : सूरश्री केसरबाई केरकर यांचं जन्मगाव कोणतं? केरी. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात पाठवलेल्या तबकडीवर कोणत्या गोमंतकीय गायिकेचा आवाज आहे? पुन्हा केसरबाई. पोरं बझर दाबून फाडफाड उत्तरं देतात. मी एकदा बक्षीस घेऊन आलेल्या चार मुलांना विचारलं, "तुम्ही ते गाणं ऐकलंय?" चौघांनीही एकमेकांकडे पाहिलं. तबकडीवरची ती भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. साडेतीन मिनिटं! प्रार्थनेनंतरच्या सूचना त्याहून लांबतात. सूर्यमालेतल्या सगळ्या ग्रहांच्या पलीकडे जो आवाज गेलाय तो केरीपासून अर्ध्या तासावरच्या वर्गात पोचलेला नाही, आणि आपण मात्र त्याच्यावर दोन गुणांचा प्रश्न काढतो.

त्या दिवशी मी मोबाइलवरून ती भैरवी ऐकवली. एका मुलाला ती अजिबात आवडली नाही. "सर, ही बाई भांडता कशी दिसता," असं तो म्हणाला. मला बरं वाटलं. निदान त्याला आता केसरबाईंबद्दल स्वतःचं मत आहे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आमच्या शाळेत असं नाही, आमचं स्नेहसंमेलन पाहायला या. पाहिलीत मी ती. एकेकाळी मीच बसवायचो. डिसेंबरात पंधरा दिवस शाळा डोक्यावर घ्यायची, बाहेरून नाच बसवणारा आणायचा, पालकांकडून भाड्याच्या कपड्यांचे पैसे गोळा करायचे, आणि स्पीकरवर लावलेल्या सिनेमाच्या गाण्यावर मुलांनी हातवारे करायचे. गाणाराही दुसरा, वाजवणाराही दुसरा. मुलांचं त्यात काय, तर कपडे. संमेलन बंद करा असं मी म्हणत नाही. आयांना स्टेजवरची आपली पोर बघायची असते आणि त्यात गैर काही नाही. पण त्या पंधरा दिवसांना वर्षभराच्या तासांचा मोबदला समजू नका.

स्पर्धांचंही तेच. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत मुलांचा गट असतो, आणि त्यात उतरणारी काही पथकं ऐकून भल्याभल्यांनी कान पकडावेत अशी असतात. पण शाळा स्पर्धेत उतरते तेव्हा काय करते? ६० मुलांतून १२ निवडते आणि ४८ परत वर्गात पाठवते. ज्यांना आधीपासून येतं त्यांनाच शिकवायचं. गणितात असं करून बघा, पालक दुसऱ्या दिवशी तुमच्या केबिनमध्ये असतील.

या निवडीत मी जे केलं ते लिहायला हात जड होतो, तरी लिहितो. एका वर्षी समूहगीताच्या स्पर्धेसाठी मुलं तयार करत होतो. सातवीतला एक मुलगा मागच्या रांगेत उभा. उंच, खणखणीत आवाजाचा, पण सूर हमखास खाली लागायचा. उंचीमुळे रांग शोभून दिसायची, म्हणून काढूनही टाकवेना. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "तू नुसते ओठ हलव." त्याने मान डोलावली. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. फोटोत तो आहे, तोंड उघडं.

गेल्या चवथीला एका ओळखीच्यांकडे आरतीला गेलो होतो. गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली मंडळी दाटीवाटीने उभी, घुमट-शामेळ ही वाद्यं तापलेली, झांजा चाललेल्या. तो तिथे भेटला. आता चाळिशीकडे झुकलाय, स्वतःची टॅक्सी आहे. आरती संपल्यावर प्रसाद घेताना हसत हसत म्हणाला, "सर, आरतेक हांव अजून फकत ओंठ हालयतां." तो विनोद करत होता. त्याच्या बायकोलाही ही गोष्ट ठाऊक होती, तीही हसली. मी घरी येऊन जेवलो नाही.

त्या मुलाचा सूर खाली लागत होता, तो लावायला मला आठवड्यातले दोन तास आणि एक वर्ष पुरलं असतं. बेसूर म्हणून हिणवलेल्या बहुतेक मुलांचा घसा ठीकच असतो. आपला आवाज समोरच्या सुराशी जुळवून बघायला त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसतं. पेटीचा एक सूर दाबून धरायचा आणि मुलाने तो गुणगुणत शोधायचा. आधी खाली जातो, मग वर, मग एकदम जागेवर येतो, आणि जागेवर आला की त्यालाच कळतं, डोळे मोठे होतात. स्पर्धेला तीन आठवडे असताना हे होत नाही.

गाणं मुलांना बाहेरही मिळतं, शाळेनेच कशाला शिकवायचं, असं एका समितीच्या बैठकीत मला ऐकवलं गेलं होतं. गोव्यात गाणं हवेतच आहे म्हणे. यावर जरा थांबायला हवं, कारण हा आपला आवडता गैरसमज आहे.

पोर्तुगीज काळात चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपी शिकवत. व्हायोलिन हातात देत. चर्चमध्ये गायला मुलं हवीत, हा त्यांचा स्वार्थ होता, पण शिकवणं पक्कं होतं. पुढे मुंबईच्या सिनेमांचे वाद्यवृंद गोंयकारांनी भरले ते त्यामुळे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चर्चमध्ये संगीत शिकवणाऱ्या बापाच्या हाताखाली तयार झाले आणि मुंबईत लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालांना त्यांनी व्हायोलिन शिकवलं. कागदावरची स्वरलिपी बघून वाजवणारी माणसं मुंबईला हवी होती, ती इथे गावागावांत होती.

इकडे देवळांच्या बाजूला काय होतं? मंगेशीचे दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई. नावं घेताना आपली छाती फुगते. पण ही माणसं ज्या कलावंत समाजातून आली, त्यांच्या घरात गाणं होतं ते देवळाच्या सेवेला बांधलेलं. गावाने त्यांचं गाणं ऐकलं आणि त्यांना ओसरीच्या खालीच बसवलं. बाकीच्या घरांतल्या मुलींनी गाणं म्हणजे घराण्याला बट्टा. म्हणजे ज्यांच्याकडे गाणं होतं त्यांना मान नव्हता, आणि ज्यांना मान होता त्यांच्या मुलींना गाणं नव्हतं. हवेत होतं ते असं होतं.

गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. १९७० मध्ये कला अकादमी झाली, १९७२ मध्ये कला महाविद्यालय. मला वाटतं, या दोन गोष्टी एकाच दमात झाल्या हा योगायोग नव्हता. जात, घर, पैसा काही न विचारता पोराला एका बाकावर बसवून गाणं शिकवेल अशी जागा एकच, ती म्हणजे शाळा. आज पणजी-मडगाव-फोंड्यात खासगी क्लास आहेत, चांगले आहेत, माझाही एक आहे. माझ्याकडे येणारी मुलं कोण? ज्यांचे आईबाप फी देऊ शकतात आणि संध्याकाळी गाडीने आणून सोडू शकतात. सत्तरी तालुक्यातल्या ज्या मुलाची शेवटची बस साडेपाचला सुटते, त्याला बुधवारचा पाचवा तास सोडून गाणं कुठे आहे?

आता थोडं कायद्याचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय : सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तिथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन शिक्षक हवेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला दहावीपर्यंत सक्तीची असावी असं म्हटलं. २०२४ मध्ये एनसीईआरटीने सहावीसाठी 'कृती' नावाचं पुस्तक काढलं, त्यात चित्र, संगीत, नाट्य, नृत्य चारही आहे. म्हणजे दिल्लीपासून गल्लीपर्यंत कागद आपल्या बाजूने आहेत. पुस्तकही छापून झालंय. नाही तो फक्त तास, आणि तो तुमच्या सहीने छापलेल्या वेळापत्रकातच पडून आहे.

माणूस मिळत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. विशारद झालेला, वर बी.एड. असलेला, आणि तासिकेच्या पैशांवर यायला तयार असलेला माणूस कुठून आणायचा? पण तुमच्या गावात भजनी मंडळ आहे. तिथे पेटीवर बसणाऱ्या काकांना शेदोनशे नाट्यपदं आणि अभंग पाठ असतील, कागद एकही नसेल. त्यांना शिक्षक म्हणून नेमू नका, पाहुणे म्हणून बोलवा, महिन्यातून दोन बुधवार, वर्गशिक्षक सोबत बसतील. घुमटाला २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. आधी घोरपडीचं कातडं लागायचं, त्यावर वन्यजीव कायद्याने बंदी, आता बकऱ्याचं लावतात. हे सगळं आपण पाठ करून घेतो. पण किती शाळांच्या कपाटात एक घुमट आहे? चवथीला जी पोरं घरात घुमटावर सुवारी वाजवतात, त्याच पोरांना शाळेत ताल म्हणजे काय ते फळ्यावर लिहून द्यावं लागतं, कारण घरचं ते घरचं आणि शाळेचं ते शाळेचं.

नाटकाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तिथे मी निदान एकदा तरी काही बरं केलं.

आपल्याकडे जत्रेला, कालोत्सवाला गावकरी नाटक करतात. पूर्वी छापील संहिता एकच असायची आणि प्रत्येक जण आपली नक्कल उतरवून घ्यायचा. नक्कल म्हणजे फक्त आपली वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द ऐकू आल्याशिवाय आपण बोलायचं नाही. मी शाळेत नाटक बसवलं तेव्हा झेरॉक्स काढून दिल्या नाहीत, मुलांना नकला उतरवायला लावल्या. मराठीच्या बाई म्हणाल्या, वर्षभर शुद्धलेखनाला रडणारी मुलं दोन दिवसांत आठ पानं चुकीशिवाय कशी लिहितात? अहो, चुकलं तर स्टेजवर फजिती होणार. आणि समोरच्याचे शेवटचे शब्द लिहून घेतल्यामुळे दुसरा बोलत असताना गप्प बसून ऐकायचं, ही सवय त्यांना न ओरडता लागली.

त्या नाटकात सातवीतल्या एका मुलीला भूमिका मिळाली नाही. आवाज अगदी बारीक. रडवेली झाली होती, म्हणून मी तिच्या हातात संहिता ठेवली आणि सांगितलं, तू विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग कर. पहिले चार दिवस ती सगळ्यांच्या पुढे पळायची. पात्राने श्वास घ्यायला थांबावं आणि हिने वाक्य फेकावं. राजा चिडायचा, "अगे, म्हाका येता तें!" पाचव्या-सहाव्या तालमीपासून ती सावरली. प्रयोगाच्या रात्री दुसऱ्या अंकात राजा खरोखरच अडला. मी दुसऱ्या विंगेत, माझा जीव घशाशी. हिने टॉर्च संहितेवर धरलेला, डोळे राजावर. एक क्षण थांबली. मग फक्त दोन शब्द सोडले, आवाज न करता, श्वासावर. राजा पुढे सुटला. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनाही काही कळलं नाही.

नंतर मी तिला विचारलं, पूर्ण वाक्य का नाही दिलंस? ती म्हणाली, "सर, पूर्ण दिलं की तो गोंधळतो. पहिले दोन शब्द दिले की पुढचं त्याचं त्याला येतं." आणि कधी द्यायचं हे कसं कळतं? तर म्हणाली, थांबलेला असतो तेव्हा हात हलत असतात, विसरलेला असतो तेव्हा हातही थांबतात.

२९ वर्षांत माझ्या शाळेत याहून चांगलं वाचणारं कुणी झालं नाही. बी.एड.ला मला कुणी हे शिकवलं नव्हतं की अडलेल्या मुलाला पूर्ण उत्तर द्यायचं नसतं.

वाचनाकडे येतो. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. पणजीच्या पाटोवर आज जे कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, त्याची सुरुवात १८३२ ची, देशातल्या सगळ्यांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी ते एक. असा आपला थाट. आणि आमच्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे हेडक्लार्कच्या पाठीमागची तीन गोदरेजची कपाटं. चावी त्यांच्या ड्रॉवरमध्ये. मूल पुस्तक मागायला गेलं की पहिला प्रश्न, "कित्याक जाय?" म्हणजे कशाला हवं? दुसरा प्रश्न कधी आलाच नाही.

मी त्या क्लार्कना दोष देत नाही. पुस्तक हरवलं तर पगारातून कापतील, ही भीती त्यांच्या मनात कुणीतरी घातलेली होती. वर्षाअखेरीस दाखल नोंदवही घेऊन मोजदाद व्हायची आणि आकडा जुळला की सगळे खूश. आकडा जुळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे पुस्तक बाहेरच न काढणं. वाळवी लागली तरी चालेल, ती निर्लेखनात, म्हणजे बाद केलेल्या पुस्तकांत, दाखवता येते. मुलाने वाचता वाचता फाडलेलं पान मात्र दाखवायची सोय नाही.

म्हणून एक माहिती देतो, फळ्यावर लिहून ठेवण्यासारखी आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांबद्दल असं म्हटलंय की दिलेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच हरवली तर ते वाजवी समजावं, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. फक्त हजार रुपयांवरच्या किंवा दुर्मिळ पुस्तकाची चौकशी करावी. तो नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तुमच्या संस्थेला जसाच्या तसा लागू होत नसेल. पण दिल्लीचा वित्त विभाग पुस्तकं हरवतात हे मान्य करतो, तर तुमच्या समितीला तसा दोन ओळींचा ठराव करायला काय हरकत आहे? ठराव झाला की चावी ड्रॉवरमधून बाहेर येईल. शिक्षण हक्क कायद्याच्या त्याच परिशिष्टात प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं हवीत असंही आहे. वर्तमानपत्र येतं हो. स्टाफरूममध्ये येतं.

चित्रकलेचं माझं क्षेत्र नाही, एकच पाहिलेलं सांगतो. निसर्गचित्र काढा म्हटलं की आपली मुलं दोन त्रिकोणी डोंगर काढतात आणि मधून उगवता सूर्य. आमच्या शाळेच्या खिडकीतून समोर सडा म्हणजे कातळाचा माळ दिसतो, वरून सपाट, सुरीने कापल्यासारखा, कडेला काजू. त्रिकोणी डोंगर कुठेच नाही. पाच वर्षं त्या खिडकीशी बसलेलं मूल त्रिकोण काढतं, कारण डोंगर त्रिकोणी असतो हे त्याला शिकवलंय आणि खिडकीतून बघायला तास उरलेला नाही. चवथीला हीच मुलं माटोळीतली कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस एकेक ओळखून बांधतात. त्या फळांचं चित्र कधी काढलंय का, विचारा.

२०२५ पासून सहावीपासून पुढचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागले. पालक कुरकुरले, उकाड्यावरून आंदोलनाचीही भाषा झाली. मी त्या वादात शिरत नाही. पण ते दिवस आता हातात आहेतच, तर त्या घामाच्या दुपारी नव्या इयत्तेचा पोर्शन पुढे रेटण्यापेक्षा नाटकाची नक्कल उतरवायला आणि गोष्टीची पुस्तकं वाचायला द्या. चाचणी परीक्षा तेव्हा लांब असते, गणिताच्या बाईही दाराशी येणार नाहीत.

आणि त्या आल्याच, तर मी जे केलं नाही ते तुम्ही करा. "घ्या" म्हणायची पाळी संगीत शिक्षकावर आणू नका. तो वयाने लहान असतो, पगाराने कमी असतो आणि बहुतेक वेळा कंत्राटावर असतो, तो नाही म्हणू शकत नाही. जूनच्या पहिल्या स्टाफ मीटिंगला तुम्हीच सांगून टाका की हे तास बदलीला मिळणार नाहीत. प्रॉक्सीच्या वहीत तशी नोंद करा. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीखाली सही करण्याआधी एकदा विचारा, यंदा किती तास झाले?

राहता राहिला एक कामाचा भाग. पावसाळ्यात बंद ठेवलेल्या पेटीचे सूर दमटपणाने चिकटतात, पट्ट्या फुगून अडकतात आणि भात्यात उंदीर शिरतो. कपाट उघडल्यावर तुमची पेटी त्याच अवस्थेत असणार, ती फेकायला काढू नका. मला भाता लावता येतो, सूर साफ करून मिळवता येतात. सामानाचे पैसे द्या, मजुरी नको. बुधवारी मी मोकळा असतो, पाचव्या तासाला येऊ शकेन.

आपला नम्र,
एक निवृत्त संगीत शिक्षक
फोंडा तालुका, गोवा